खाज्याचं घर, शंकरपाळ्यांची कौलं

माझ्या हयातीत मी एकच घर बांधलं, आणि ते खाज्याचं होतं.

हसू नका. लोक विटा-सिमेंटची घरं बांधतात, मग ती गळतात, त्यावरून भाऊभाऊ भांडतात. माझ्या घराला यातलं काही झालं नाही. (मुंग्या तेवढ्या लागल्या. पण त्याही दोन दिवसांत हात टेकून निघून गेल्या. का, ते पुढे येईलच.)

खाजं म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. कोकणातल्या जत्रेत मिळतं ते. बेसनाच्या बोटभर जाड कांड्या तळायच्या आणि आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या. जमलं तर आधी कुरकुरतं, मग विरघळतं, आणि जाता जाता आलं घशाला हळूच चिमटा काढून जातं. जमलं तर!

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. लालबागच्या चाळीत आमची एक खोली होती आणि आमचे हे गिरणीत लूम खात्यात, मागावर होते. त्या काळी कोकणातल्या गिरणी कामगाराची बायको मुंबईत राहायची नाही. नवरा इकडे यंत्रावर, बायको तिकडे शेतावर. नवरा गणपतीला आणि शिमग्याला पाहुण्यासारखा उगवायचा, पोरांना खाऊ द्यायचा आणि परत मुंबईची बोट धरायचा. मलाही तसंच राहायचं होतं. पण लग्नानंतर काही महिन्यांतच यांची खानावळवाली बाई गावी गेली, यांचं पोट बिघडलं, आणि सासूबाईंनी मला मुंबईला धाडलं. धाडताना बजावलं, "येत्या दिवाळीपर्यंतच हां गो!"

आणि आता ती दिवाळी आली होती.

"आई येतेय," हे एक दिवस जेवताना म्हणाले. "बोटीनं. तुळशीचं लग्न झालं की परत जाईल."

"बरं."

"तुला घेऊन."

मी घास ताटात ठेवला. "तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बघू."

आता हा माणूस कोण? तर मोर्चात सगळ्यांच्या पुढे राहून "झालाच पाहिजे!" म्हणून अख्ख्या परळला ऐकू जाईल एवढा घसा फोडणारा. सरकारला न भिणारा. पण आईचं नाव निघालं की त्याच्या तोंडून एकच घोषणा निघायची: बघू!

तेव्हा लढा मलाच द्यावा लागणार होता. मी ठरवलं, सासूबाईंना असा फराळ करून घालायचा की त्यांनीच म्हणावं, ही पोर इथं संसार करायला लायक आहे, राहू दे हिला. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास होते. फायनल पास बाईला फराळ जमणार नाही तर कोणाला जमणार? (फायनलला फराळ हा विषय नव्हता, हे मला तेव्हा कोणी लक्षात आणून दिलं नाही.)

पहिल्यांदा चकल्या केल्या. तळताना मोठ्या ऐटीत फुलल्या, आणि डबा भरेस्तोवर ओल्या सुतळीसारख्या लुळ्या पडल्या. मग अनारसे. तुपात पडल्यावर अनारसा फुटून पसरला की तो हसला, असं म्हणतात. माझे अनारसे नुसते हसले नाहीत, हसून हसून त्यांचा भुगा झाला! शंकरपाळे तेवढे दिसायला बरे झाले. चवीला मीठ की साखर यावर त्यांचा स्वतःचाच निर्णय झालेला नव्हता.

शेवटी मी हुकमाचं पान काढलं: खाजं. सासूबाईंच्या हातचं खाजं आमच्या पंचक्रोशीत नावाजलेलं. त्यांच्याच पदार्थानं त्यांना जिंकायचं!

बेसन भिजवताना त्यात कडकडीत तेलाचं मोहन घालायचं असतं. ते मी कढईत तापवलं, बाजूला ठेवलं, आणि बाहेरून प्रभातफेरी चालली म्हणून गॅलरीत बघायला धावले. परत आले ती थेट कांड्या पाडायला बसले. तेल बिचारं वाट बघत थंड झालं. मग पाक. माहेरी आई म्हणायची, पाकाचा थेंब पाण्यात टाकावा, गोळी होते का बघावं. मी बघितलं. गोळी झाली. मी आणखी उकळला. गोळी ताटलीवर टण्णकन वाजली. मला आनंदाचं भरतं आलं! (गोळी वाजावी लागते ती चिक्कीला. पण मला वाटलं, जितकी वाजेल तितका संसार पक्का.)

हे पहिल्या पाळीवरून आले. मी कौतुकानं एक कांडी पुढे केली. यांनी ती उजवीकडून चावली, मग डावीकडून. मग तोंडातून काढून उजेडात धरून बघितली.

"कशी झालीय?"

"मजबूत," हे म्हणाले. "आमच्या खात्यात असा एक भाग लागतो."

मी भोकाड पसरलं. तीन डबे भरून खाजं, तेही मोडेना असं! घरातला सगळा गूळ संपलेला. सासूबाई परवा भाऊच्या धक्क्यावर उतरणार. फेकून द्यावं तर चाळीत कचऱ्याचा डबा सगळ्यांचा एक, आणि त्यावर शेजारच्या गंगूमावशीची नजर. गंगूमावशी म्हणजे आमच्या मजल्याचं आकाशवाणी केंद्र! सकाळी डब्यात काय पडलं ते दुपारपर्यंत चिंचपोकळीला कळायचं.

रडता रडता मला एकदम भायखळा आठवला. मागच्या नाताळात आम्ही दोघं तिथल्या बाजारात भाजीला गेलो होतो. तिथं एका बेकरीच्या काचेआड एक घर मांडलेलं. आल्याच्या बिस्किटांचं घर! वर साखरेचा पांढरा थर, दारं, खिडक्या, धुरांडं. मी काचेला नाक लावून उभी. मी आतल्या माणसाला विचारलं होतं, "हे खातात कधी?" तो म्हणाला, "खायचं कशाला बाई? बघायचं!"

बघायचं! माझे डोळे पुसले गेले. जे खाता येत नाही ते लपवायचं कशाला? मांडायचं! चाळीतली पोरं खाली मातीचा किल्ला करतात, तो काय कोणी खातो?

"अहो," मी म्हटलं, "आपण घर बांधू या."

"बघू," हे म्हणाले, पण तोवर मी पाट आडवा टाकला होता.

कांड्यांवर कांड्या रचून भिंती उभ्या केल्या. सांधायला तोच उरलेला पाक, परत गरम करून. छपरावर शंकरपाळ्यांची कौलं, एकावर एक अशी सरकवून की मंगलोरचा कारखानदार बघत राहावा. अनारशांच्या भुग्याची अंगणात रेती पसरली. राहिल्या लुळ्या चकल्या. त्या एकावर एक ठेवून धुरांडं केलं. बिघडलेला एकही पदार्थ वाया गेला नाही! माझ्याइतकी काटकसरी बाई त्या दिवशी लालबागेत दुसरी नसेल.

यात आमचं भांडणही झालं. यांना घराला पडवी हवी होती.

"धुरांडं कशाला?" हे म्हणाले. "घराला पडवी लागते. माणूस संध्याकाळी बसेल कुठं?"

"या घरात कोण बसणार आहे?"

"तरी पण. पडवी नाही ते घर कसलं!"

शेवटी पडवीही झाली आणि धुरांडंही राहिलं. वर यांनी काडीला कागद चिकटवून एक झेंडा लावला. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." त्या दिवसांत गणपतीच्या मखरापासून लग्नाच्या मांडवापर्यंत हे लिहिल्याशिवाय काही पुरं व्हायचंच नाही.

सासूबाई आल्या. तांदळाची गोणी, नारळ, कोकमाची सोलं आणि कमरेवर हात. खोलीभर नजर फिरवली, ती कोपऱ्यातल्या घरावर येऊन थांबली.

"ह्या काय?"

"घर आहे, आई. खाज्याचं," मी शुद्ध भाषेत म्हणाले. (फायनल झाल्यापासून मी मालवणी बोलायचं सोडलं होतं. सासूबाईंशीसुद्धा! काय ते माझं पोटभर शहाणपण!)

त्या वाकल्या. पुढून बघितलं, मागून बघितलं. धुरांड्याशी डोळे बारीक केले.

"घरात गिरण कित्याक घातलंस गो? भोंगो कदी वाजता?"

हे खो खो हसले. मी यांच्याकडे असं बघितलं की भोंगा तिथंच बंद झाला.

सासूबाईंनी नखानं भिंतीवर टकटक केलं. नुसत्या "हम्म्" म्हणाल्या आणि पाय धुवायला मोरीत गेल्या. मला वाटलं, भारावल्या!

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी रांग. गंगूमावशीनं बातमी पसरवली होती. बायका येत होत्या, तोंडावर हात ठेवत होत्या. आणि बघून झालं की प्रत्येकीचा हात पुढे! "जरा चव बघू की गं!" मी घरापुढे दोन्ही हात पसरून उभी. पण किती जणींना अडवणार? मी पाण्याच्या नळावर गेले तेवढ्यात गंगूमावशीनं मागच्या भिंतीतली एक सुटलेली कांडी लांबवली आणि तोंडात टाकली.

मी परत आले तर मावशी जाग्यावर उभी. दातांवर दात घट्ट. डोळे बाहेर. सासूबाई शेजारी बसून सुपारी कातरत होत्या.

"काय गो गंगू, कसा लागता?" सासूबाईंनी विचारलं.

"म्म्म्," गंगूमावशी म्हणाली.

"गोड आसा?"

"म्म्म्म्!"

"आई, त्यांना इतकं आवडलं की शब्द सुचेनात," मी म्हणाले.

मावशी जी घरात पळाली ती दुपारभर बाहेर आली नाही. आमच्या मजल्यावर पहिल्यांदाच एवढी शांतता! चोरून खाल्लेलं असल्यामुळे तिनं कोणाला सांगितलंही नाही. मी वाचले. पण धडा शिकले, आणि पुढची बाई हात पुढे करायच्या आत ओरडले, "हात नका लावू! लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य आहे!"

इथं मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. कारण हे सासूबाईंनी ऐकलं.

संध्याकाळी बघते तर घर पाटासकट देवापुढे. सासूबाईंनी त्याच्या उंबऱ्याला हळदकुंकू लावलेलं, पडवीत पणती लावलेली. ("बघ, पडवी लागते की नाही!" हे माझ्या कानात.) पूजा झाली, आरती झाली. आणि मग मला जे आधी सुचायला हवं होतं ते सुचलं: नैवेद्य म्हटला की प्रसाद आला! दाराबाहेर अख्खा मजला वाट्या घेऊन उभा, आणि सासूबाई विळी पुढे ओढत होत्या.

आता विळीचं पातं तरी तुटणार, नाहीतर माझी अब्रू. आणि अब्रू गेली की तुळशीच्या लग्नानंतर मी गावच्या बोटीत. मी विळीवर जवळजवळ आडवी झाले.

"आई! मोडू नका! दिवा लागलेलं घर मोडायचं नसतं!"

"कोण म्हणता?"

"माझी... माझी आजी म्हणायची."

"आजी?"

"हो. मला मांडीवर घेऊन सांगायची. दिवा लागलेलं घर मोडायचं नाही आणि त्याला अंधारात टाकून जायचं नाही." हे शेवटचं मी उगाच जोडलं. खोटं बोलायला लागलं की हात आखडता कशाला घ्यायचा?

सासूबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग विळी मिटली. बाहेर जाऊन म्हणाल्या, "परसाद उद्या लाडवांचो मेळात. आज घरात लक्ष्मी इली हा. घर मोडूचा नाय."

मी मनात स्वतःची पाठ थोपटली. फायनल पास ती फायनल पास!

त्यानंतर रोज संध्याकाळी सासूबाई त्या खाज्याच्या पडवीत पणती लावायच्या, आणि उरलेला दिवस आमच्या गॅलरीत. कठड्याला टेकून तासन् तास रस्ता बघायच्या. ट्राम बघायच्या. एकदा यांना घेऊन ट्रामनं पार टोकापर्यंत गेल्या आणि न उतरता परत आल्या. बायकांचा मोर्चा निघाला तर गंगूमावशीबरोबर त्यात सामील! परत आल्या त्या घसा बसवून. "झालोच पायजे!" असं पाणी पिता पितासुद्धा म्हणत होत्या. सासरे हयात असेपर्यंत गिरणीत होते. पण या मुंबईला आल्या होत्या एकदाच, तेही ते आजारी होते म्हणून. तेव्हा त्यांनी फक्त इस्पितळ बघितलेलं. हे सगळं मला माहीत होतं, दिसत होतं. कळत मात्र काही नव्हतं. मी तुळशीच्या लग्नाच्या काळजीत!

ते लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची ट्रंक फळीवरून खाली उतरली. मी माझ्या साड्या बोचक्यात बांधायला लागले, आणि प्रत्येक घडीला एक हुंदका. हे दाराशी उभे. एकदा तोंड उघडलं, परत मिटलं. मग कोणास ठाऊक कुठून बळ आलं, आणि हे मोर्चातल्या आवाजात ओरडले, "आई, ही हयच ऱ्हवाक व्हयी!"

शेजारच्या तीन खोल्यांची दारं उघडली.

"मेल्या, बोंबलतंस कित्याक?" सासूबाई म्हणाल्या. "मी खय म्हटलंय, जातलव म्हणान?"

"पण ट्रंक?"

"साडी काढूक उतरवली." त्या माझ्याकडे वळल्या. "तुझी आजी काय म्हणा होती? दिवो लागलेल्या घराक काळोखात टाकून जावचा नाय. मगे? जातलंस कशी तू?"

मी आनंदानं उडीच मारणार होते.

"आणि तू धांदरट," त्या म्हणाल्या. "दिवो विसारशीत. म्हणान मी पण रवतंय. शेताक मोठी सून आसा."

उडी हवेतच राहिली.

मी मुंबईत राहिले! मला हवं होतं तसंच सगळं झालं, फक्त जरासा फरक. एका खोलीत मी आणि सासूबाई, मध्ये खाज्याचं घर. आणि ज्या नवऱ्याबरोबर संसार करायचा म्हणून एवढी उठाठेव केली, तो बाहेर गॅलरीत, बाकीच्या पुरुषांबरोबर वळकटी टाकून!

रात्री सासूबाई दाराची फट ठेवून विचारायच्या, "झिला, थंडी लागता काय रे?" बाहेरून उत्तर यायचं, "बघू."

पण खरं सांगते, ते दिवस मजेत गेले. सासूबाईंनी मला मोहन घालायला शिकवलं. न बोलता. एकदा मी बेसन भिजवत होते, तर त्यांनी नुसती गरम तेलाची पळी माझ्यापुढे धरली आणि दुसरीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, काय योगायोग!

मग ऐन थंडीत एक दिवस बातमी आली की महाराष्ट्र होणार, मुंबईसकट होणार, आता ते नक्की. चाळीत धिंगाणा! जो तो जे घरात असेल ते गोड वाटत सुटला. आमच्याकडे गुळाचा खडा नव्हता. सासूबाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि खाज्याच्या घरासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चल, घे ता पाट. उखळाकडे."

"आई! दिवा लागलेलं घर मोडत नाहीत ना?"

"कोण म्हणता?"

"माझी आजी..."

"तुझी आजी तू जल्माक येवच्या आदी गेली," सासूबाई म्हणाल्या. "लग्न जमवताना तुझ्या आवशीनच सांगलेला माका."

मी पाट धरून उभी. कान गरम. त्या हसल्यासुद्धा नाहीत. त्यांनी शांतपणे खाज्याच्या पडवीतली पणती उचलली आणि आमच्या खोलीच्या कोनाड्यात, देवाशेजारी ठेवली.

"ह्या घर," त्या म्हणाल्या. "दिवो आता हयच लायत जा. मी गेल्यावर पण."

जिन्याखाली मिरच्या कुटायचं उखळ होतं. तिथं आम्ही दोघींनी आळीपाळीनं मुसळ घेऊन ते घर कुटलं. पहिल्या घावाला मुसळच उडालं! भिंती, कौलं, पडवी सगळ्याचा भुगा झाला. (धुरांडं उंदरांनी केव्हाच नेलेलं.) तो भुगा सासूबाईंनी तुपावर भाजला, गावचं खोबरं घातलं, लाडू वळले. आल्याचा ठसका आणि उखळातल्या मिरचीचा ठसका असे एकमेकांत मिसळले होते की खाणारा आधी "वा!" म्हणायचा, मग पाणी मागायचा.

गंगूमावशीनं एक खाल्ला, दुसरा घेतला, तिसरा पदरात बांधला. लाडू दाताखाली मटकन मोडला म्हणून की काय, तिला त्या कांडीची ओळख काही पटली नाही.

"अहो काकी, काय घातलंय काय यात? असा लाडू मी जन्मात खाल्ला नाही. मला शिकवा बाई!"

सासूबाईंनी हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"शिकवतंय गो. पण सोपा नाय ता. पयली अशी सून मेळूक व्हयी!"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि लाजून खाली मान घातली. केवढं हे कौतुक, तेही चारचौघींत! ते कौतुक नव्हतं, हे कळायला मला स्वतःची सून घरात येईपर्यंत थांबावं लागलं.